एकेरी रूळ आणि अर्ध्या जगाची फेरी

१९०४ सालच्या हिवाळ्यात रशियन इंजिनिअरांनी गोठलेल्या बैकल सरोवराच्या पाठीवर रेल्वेचे रूळ टाकले. खाली जगातल्या सर्वांत खोल सरोवराचे पाणी होते, सोळाशे मीटरहूनही अधिक खोल. वर मीटर-सव्वा मीटर जाडीचा बर्फ आणि त्यावर लांबलचक ओंडक्यांच्या आधाराने पसरलेली सुमारे ४५ किलोमीटरची लोहवाट. पहिले इंजिन तिच्यावरून नेऊन पाहिले तेव्हा बर्फ फुटला आणि इंजिन पाण्यात गेले. मग इंजिने सुटी करून त्यांचे भाग न्यायचे, डबे घोड्यांनी ओढायचे आणि सैनिकांनी बर्फावरून चालत पलीकडचा काठ गाठायचा असे ठरले. रशियाचे दळणवळणमंत्री प्रिन्स खिल्कोव स्वतः त्या थंडीत उभे राहून हे काम करून घेत होते.

एवढा आटापिटा का, तर जपानशी युद्ध सुरू झाले होते आणि ते घरापासून फार दूर होते. मॉस्कोपासून पूर्वेकडच्या पोर्ट आर्थर बंदरापर्यंतचे रेल्वेचे अंतर साधारण ८,८०० किलोमीटर. सारा मार्ग एकेरी, म्हणजे समोरून गाडी आली की एकीने बाजूच्या रुळावर थांबायचे. त्यातही बैकलपाशी मार्ग तुटलेला. सरोवराच्या दक्षिणेचे डोंगर फोडून, बोगदे काढून रूळ टाकण्याचे काम अजून चालूच होते. एरवी इंग्लंडमध्ये बांधलेली आणि तुकड्यातुकड्यांनी सैबेरियात आणून जोडलेली ‘बैकल’ नावाची बर्फफोडी बोट डब्यांसकट गाडी पलीकडे नेई. ऐन हिवाळ्यात मात्र बर्फापुढे तिचेही काही चालत नसे.

रशिया-जपान युद्धाची हकिकत बहुधा जपानी सैनिकांच्या शौर्याची आणि रशियन दरबाराच्या गाफीलपणाची म्हणून सांगितली जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण या युद्धाचा जितका अभ्यास करावा तितके वाटत जाते, की त्याचा खरा न्यायाधीश अंतर हाच होता. रशियाची लोकसंख्या जपानच्या जवळपास तिप्पट. त्याचे सैन्य जगातल्या सर्वांत मोठ्या सैन्यांपैकी एक. पण ती ताकद युरोपात होती आणि भांडण पॅसिफिकच्या काठावर. ती ताकद एका रुळावरून तिथवर किती वेगाने पोहोचते, यावर सारे अवलंबून होते. जपानला हे पक्के ठाऊक होते. बैकलचा तुटलेला दुवा जोडला जाण्याआधीच युद्ध करायचे, हा टोकियोचा हिशेब होता.

हे भांडण सुरू झाले १८९५ मध्ये. कोरियावर वर्चस्व कुणाचे, यावरून जपानने चीनशी युद्ध केले आणि जिंकले. शिमोनोसेकीच्या तहात जपानला तैवान मिळाले, मोठी खंडणी मिळाली आणि पोर्ट आर्थर ज्याच्या टोकाला आहे ते ल्याओतुंग द्वीपकल्पही मिळाले. तहावरची शाई वाळायच्या आत रशिया, जर्मनी आणि फ्रान्स या तिघांनी मिळून जपानला ‘मित्रत्वाचा सल्ला’ दिला, की हे द्वीपकल्प चीनला परत करा. मागे आरमारे सज्ज होती, त्यामुळे सल्ल्याचा अर्थ स्पष्ट होता. जपानने वाढीव खंडणी घेतली आणि द्वीपकल्प सोडले. अवघ्या तीन वर्षांत, १८९८ मध्ये, रशियाने तेच द्वीपकल्प चीनकडून २५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने स्वतः घेतले. जे आपल्या हातून आशियाच्या शांततेच्या नावाखाली काढून घेतले, तिथे आता रशियाचा झेंडा लागलेला जपानी जनतेला पाहावा लागला. सूड विसरू नये म्हणून काटक्यांवर झोपायचे आणि कडू पित्त चाखत राहायचे, अशी एक जुनी चिनी म्हण जपानी वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचली. चीनकडून आलेल्या खंडणीतून आरमार उभे राहू लागले. जपानच्या सहाच्या सहा आधुनिक युद्धनौका ब्रिटिश गोद्यांत बांधल्या गेल्या.

रशियाच्या बाजूने पाहिले तर त्याचीही एक निकड होती. व्लादिवोस्तोक हिवाळ्यात गोठते. बारमाही बंदर हवे तर ते दक्षिणेलाच मिळणार. सैबेरियन रेल्वेचा वळसा वाचवण्यासाठी रशियाने १८९६ मध्ये चीनशी गुप्त तह करून मांचुरियातून आडवी रेल्वे काढण्याचा हक्क मिळवला, आणि पोर्ट आर्थर हाती आल्यावर हार्बिनहून तिथवर दुसरा फाटा काढला. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर उठाव झाला. रेल्वेच्या रक्षणासाठी म्हणून रशियन फौजा मांचुरियात शिरल्या आणि पुढे निघायचे नाव घेईनात. १९०२ मध्ये त्यांनी तीन टप्प्यांत माघार घेण्याचा करार केला, पण दुसरा टप्पा पाळलाच नाही. त्यातच झारच्या मर्जीतल्या बेझोब्राझोव नावाच्या माजी अधिकाऱ्याच्या टोळक्याने कोरियाच्या सीमेवर यालू नदीकाठी जंगलतोडीचा मक्ता पुढे रेटला. लाकडाच्या आडून हे सैन्य कोरियात घुसवतील, असे जपानला वाटले तर त्यात नवल नव्हते.

तोवर जपानने एक मोठा आधार मिळवला होता. ३० जानेवारी १९०२ रोजी इंग्लंड आणि जपान यांचा मैत्रीचा करार झाला. जपानचे एका राष्ट्राशी युद्ध झाले तर इंग्लंड तटस्थ राहील. पण दुसरे एखादे राष्ट्र शत्रूच्या मदतीला आले, तर इंग्लंड जपानच्या बाजूने उतरेल. म्हणजे १८९५ सारखी तिघांची एकी पुन्हा होणार नव्हती. या कराराचे आणखी एक फळ पुढे समुद्रावर दिसले.

१९०३ च्या ऑगस्टपासून वाटाघाटी चालल्या. जपानचा प्रस्ताव थोडक्यात असा, की मांचुरियात तुमचा वरचष्मा आम्ही मानतो, कोरियात आमचा तुम्ही माना. हा सौदा रशियाने पटकन स्वीकारला असता तर युद्ध टळले असते, असे मला वाटते. पण पीटर्सबर्गहून उत्तरे यायला आठवडेच्या आठवडे लागत, आणि दरबारात जपानकडे पाहण्याची दृष्टी तुच्छतेची होती. झार निकोलस दुसरा याच्या कपाळावर तर जपानचा व्रण होता. युवराज असताना, १८९० मध्ये, तो पूर्वेच्या सफरीवर निघाला. त्या प्रवासात मुंबईत उतरून त्याने हिंदुस्थानही पाहिला. पुढे १८९१ मध्ये जपानमध्ये ओत्सू गावात बंदोबस्तावरच्या एका पोलिसानेच त्याच्या डोक्यावर तलवारीचा वार केला. जखमेतून सावरून तो व्लादिवोस्तोकला गेला आणि तिथे त्याच्या हातून सैबेरियन रेल्वेच्या पूर्व टोकाचा शिलान्यास झाला. एकाच महिन्यातल्या या दोन घटनांची पुढे जी गाठ पडली, ती इतिहासात क्वचितच पडते.

६ फेब्रुवारी १९०४ रोजी जपानने राजनैतिक संबंध तोडले. ८ तारखेच्या रात्री जपानी विनाशिका पोर्ट आर्थरबाहेर नांगरून पडलेल्या रशियन आरमारावर चालून गेल्या आणि त्यांनी पाणतीर सोडले. ‘त्सेसारेविच’ आणि ‘रेटविझान’ या युद्धनौका व ‘पालादा’ ही क्रूझर जायबंदी झाल्या. युद्धाची रीतसर घोषणा १० तारखेला झाली. घोषणेआधी हल्ला करावा की नाही, यावर नंतर कायदेपंडितांचा बराच खल झाला आणि १९०७ च्या हेग परिषदेत युद्धाआधी पूर्वसूचना देण्याचा नियम लिहिला गेला. इकडे जपानी सैन्य कोरियात उतरले, आणि मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जनरल कुरोकीच्या फौजेने यालू नदी ओलांडून रशियनांना मागे हटवले. युरोपीय फौजेला आशियाई फौज समोरासमोरच्या लढाईत हरवू शकते, ही बातमी जगभर गेली ती याच दिवशी.

समुद्रावर दोन्ही पक्षांचा घात पाणसुरुंगांनी केला. रशियाचा सर्वांत कर्तबगार दर्यासारंग ॲडमिरल माकारोव १३ एप्रिलला ‘पेत्रोपावलोव्स्क’ या युद्धनौकेसह सुरुंगावर बुडाला. त्याच जहाजावर चित्रकार वसिली वेरेश्चागिन होता. युद्ध जसे असते तसे रंगवणारा हा माणूस, कवट्यांच्या ढिगाचे त्याचे चित्र प्रसिद्धच आहे. हिंदुस्थानात हिंडून त्याने ताजमहाल आणि हिमालयही रंगवला होता. तोही जहाजाबरोबर गेला. महिन्याभराने जपानची पाळी आली. १५ मे रोजी एकाच दिवशी ‘हात्सुसे’ आणि ‘याशिमा’ या दोन युद्धनौका सुरुंगांनी गेल्या. सहांपैकी दोन, म्हणजे मुख्य बळाचा तिसरा हिस्सा. ‘याशिमा’ बुडाल्याची गोष्ट जपानने वर्षभर जगापासून लपवून ठेवली.

पोर्ट आर्थरच्या वेढ्याबद्दल लिहिताना हात जड होतो. जनरल नोगी यांनी १८९४ च्या चीन युद्धात हेच बंदर एका दिवसात घेतले होते. या वेळी त्यांच्यासमोर काँक्रीटचे किल्ले होते, खंदक, काटेरी तारा, मशीनगन आणि रात्री मैदान उजळून टाकणारे सर्चलाइट होते. ऑगस्ट १९०४ मधल्या पहिल्याच सरसकट हल्ल्यात सुमारे सोळा हजार जपानी सैनिक ठार वा जखमी झाले आणि हाती जवळपास काहीच लागले नाही. मग जपानच्या किनाऱ्यांवर बसवलेल्या २८ सेंटिमीटर तोंडाच्या अजस्र तोफा उखडून तिथे आणण्यात आल्या. त्यांचा एकेक गोळा दोनशे किलोहून जड. खालून भुयारे खणून किल्ल्यांच्या पोटात सुरुंग लावले गेले. शेवटी लढाई एका टेकडीवर येऊन ठेपली. तिला नाव नव्हते, उंचीवरून तिला ‘२०३ मीटर’ म्हणत. तिच्या माथ्यावरून बंदर दिसत होते, म्हणजे तोफांना नेमकी नजर मिळत होती. ५ डिसेंबरला ती पडली आणि नंतरच्या काही दिवसांत बंदरातले रशियन आरमार तोफांनी एकेक करून बुडवले. नोगींचा थोरला मुलगा मे महिन्यात नानशानच्या लढाईत गेला होता, धाकटा या टेकडीच्या लढाईत गेला. २ जानेवारी १९०५ रोजी तिथला रशियन सेनापती जनरल स्टेसेलने शरणागती पत्करली. वेढ्यात ठार आणि जखमी झालेल्या जपान्यांची संख्या साठ हजारांच्या घरात होती. १९१२ मध्ये सम्राट मेइजींच्या अंत्ययात्रेच्या दिवशी नोगी आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली.

हे युद्ध पाहायला युरोप-अमेरिकेचे लष्करी निरीक्षक आले होते. खंदक, तारा आणि मशीनगन यांच्यापुढे छातीचा कोट करून धावणाऱ्या पलटणींचे काय होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, अहवालात लिहिले. निरीक्षकांपैकी सर इयन हॅमिल्टन दहा वर्षांनी गॅलिपोलीच्या मोहिमेचे सेनापती झाले. पहिल्या महायुद्धात मार्नपासून सोमपर्यंत जे घडले त्याची तालीम मांचुरियात होऊन गेली होती, आणि ती पाहणाऱ्यांनी तिच्यातून नेमका उलटा बोध घेतला. मनोधैर्य असेल तर मशीनगनवर मात करता येते, असा. जपान जिंकला होता ना!

गोळ्यांखेरीज आणखी एक शत्रू जपानी सैन्यात होता. सैनिकाला पोटभर पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ मिळे, आणि गावाकडून आलेल्या गरीब मुलांना ती चैनच वाटे. पण कोंडा काढलेल्या तांदळात जीवनसत्त्व उरत नाही. पायांतली शक्ती जाते, हृदय थकते. या बेरीबेरी रोगाने दोन लाखांहून अधिक सैनिक आजारी पडले आणि हजारो दगावले. जपानी आरमाराने हा रोग वीस वर्षांपूर्वीच आटोक्यात आणला होता. आरमाराचे डॉक्टर ताकागी यांनी आहारात सातू आणि मांस वाढवून ते सिद्ध केले होते. भूदलाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मात्र रोग जंतूंमुळे होतो असा हट्ट धरला. एकाच देशाच्या दोन दलांत ज्ञानाची देवाणघेवाण झाली नाही, म्हणून इतकी माणसे गेली. या युद्धातला मला सर्वांत असह्य वाटणारा भाग तो हा.

जमिनीवर रशियन सेनापती जनरल कुरोपात्किनचे धोरण साधे होते. मागे सरकत राहायचे, रेल्वेने कुमक येईपर्यंत वेळ काढायचा. लष्करी दृष्टीने ते चूकही नव्हते. १९०४ च्या शरद ऋतूत बैकलच्या दक्षिणेचा फाटा गाड्यांना खुला झाला आणि पलटणींमागून पलटणी येऊ लागल्या. पण ल्याओयांग, शाहो, सांदेपू अशा एकेका ठिकाणी माघार घेत गेलेल्या सैन्याचा धीर खचत जातो, तसा तो खचला. फेब्रुवारी-मार्च १९०५ मध्ये मुकदेनला दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे सहा लाख सैनिक शंभर किलोमीटरहून लांब आघाडीवर भिडले. तोवरच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या लढायांपैकी ही एक. रशियनांचे ठार, जखमी आणि कैदी मिळून नव्वद हजारांच्या आसपास, जपानचे ठार आणि जखमी सत्तर हजारांहून अधिक. कुरोपात्किन उत्तरेला निसटला. जपानी सेनापती ओयामा यांच्याकडे त्याचा पाठलाग करायला ना माणसे उरली होती ना दारूगोळा. जिंकलेले सैन्य जिथल्या तिथे थांबले.

आता त्या दुसऱ्या अंतराकडे यायला हवे.

पोर्ट आर्थर सोडवण्यासाठी रशियाने बाल्टिक समुद्रातले आरमार अर्ध्या जगाला वळसा घालून पाठवायचे ठरवले. ॲडमिरल रोझेस्तवेन्स्कीच्या नेतृत्वाखाली ते १५ ऑक्टोबर १९०४ रोजी लिबाव बंदरातून निघाले. पुढचा प्रवास सुमारे ३३ हजार किलोमीटरचा. इंग्लंड जपानचा मित्र, त्यामुळे वाटेतले एकही ब्रिटिश बंदर त्यांना कोळसा देणार नव्हते, आणि त्या काळी सागरी वाटांवरची बहुतेक बंदरे ब्रिटिशांची. १९०२ च्या कराराचे दुसरे फळ ते हे. निघून आठवडा होतो न होतो तोच, २१ ऑक्टोबरच्या रात्री उत्तर समुद्रात डॉगर बँकवर मासेमारी करणाऱ्या इंग्लिश बोटींना जपानी पाणतीर-नौका समजून त्यांनी तोफा डागल्या. कोळी ठार झाले, एक बोट बुडाली. गोंधळात रशियनांनी आपल्याच ‘अव्रोरा’वरही गोळे टाकले आणि तिच्यावरचा पाद्री प्राणांतिक जखमी झाला. इंग्लंड आणि रशिया यांच्यात युद्धच पेटायचे, पण प्रकरण आंतरराष्ट्रीय चौकशी समितीकडे गेले आणि रशियाने ६६ हजार पौंड भरपाई दिली. हीच ‘अव्रोरा’ १९१७ मध्ये पेत्रोग्रादच्या नदीत उभी राहून क्रांतीची निशाणी झाली.

कोळशावर चालणारे आरमार काही दिवसांत भुकेले होते. हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या कोळसावाहू बोटींनी वाटेत ठरलेल्या जागी भेटायचे, असा बंदोबस्त होता. डाकार, गॅबॉनचा किनारा, आंग्रा पेकेना अशा ठिकाणी, भर उन्हात, खलाशी आणि अधिकारी मिळून पोती वाहत. तोंडात कापसाचे बोळे धरून काम चाले. पुढचा कोळसा मिळेल की नाही याची शाश्वती नाही, म्हणून तो डेकवर, जेवणाच्या जागेत, अधिकाऱ्यांच्या खोल्यांतही रचला जाई. याचा परिणाम लढाईत दिसला. जादा वजनाने जहाजे पाण्यात इतकी खाली बसली, की कडेचा मुख्य चिलखती पट्टाच पाण्याखाली गेला आणि त्याच्या वरचा पातळ भाग गोळ्यांना उघडा पडला.

मोठी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून आणि छोटी सुएझमधून, अशी सारी जानेवारीत मादागास्करच्या नोसी बे बंदरात एकत्र आली. तिथेच बातमी मिळाली, की पोर्ट आर्थर पडले. ज्याला सोडवायला निघालो ते उरलेच नाही! तरी पीटर्सबर्गहून हुकूम आला, पुढे जा. आणखी जुनी जहाजे पाठवत आहोत, त्यांची वाट पाहा. दोन महिन्यांहून अधिक काळ आरमार त्या उष्ण, रोगट बंदरात पडून राहिले. खालच्या भागावर शेवाळ आणि शिंपले वाढले, आजार वाढले, बेशिस्त वाढली. त्याच काळात पीटर्सबर्गमध्ये २२ जानेवारीला राजवाड्याकडे अर्ज घेऊन निघालेल्या कामगारांवर गोळ्या चालल्याची बातमी खलाशांपर्यंत पोहोचली. १६ मार्चला आरमार निघाले आणि हिंदी महासागर ओलांडून ८ एप्रिलला सिंगापूरसमोरून गेले. वाटेत कुठल्याही बंदराला न लागता, होड्यांमधून भर समुद्रात कोळसा भरत. हा प्रवास करणे हेच एक असामान्य कर्तृत्व होते. कोळशावर चालणाऱ्या एवढ्या मोठ्या आरमाराने स्वतःचा तळ नसताना इतकी मजल मारल्याचे तोवर दुसरे उदाहरण नव्हते. रोझेस्तवेन्स्कीला पराभवाचा धनी म्हणून ओळखतात. त्याला या प्रवासाचे श्रेय द्यायलाही हरकत नसावी.

जपानी आरमाराचा प्रमुख ॲडमिरल तोगो कोरियाच्या किनाऱ्यावर वाट पाहत होता. व्लादिवोस्तोकला जायला तीन वाटा होत्या आणि रशियन कुठली धरणार हे कळत नव्हते. पुन्हा कोळशानेच चुगली केली. रोझेस्तवेन्स्कीने रिकाम्या कोळसावाहू बोटी शांघायला पाठवल्या. त्या तिथे पोहोचल्याचे कळले, आणि वाट जवळची, म्हणजे त्सुशिमाच्या सामुद्रधुनीची, असा अंदाज जपान्यांनी बांधला. २७ मेच्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास ‘शिनानो मारू’ या टेहळणी बोटीला धुक्यात दिवे दिसले. ते रशियन रुग्णनौका ‘ओर्योल’चे होते. रुग्णनौकेने दिवे लावायचे असतात, तिने नियम पाळला होता. थोड्या वेळात बिनतारी संदेश गेला, शत्रू दिसला. समुद्री युद्धात बिनतारी यंत्राने एवढे महत्त्वाचे काम केल्याचे हे जवळपास पहिलेच उदाहरण.

‘शिनानो मारू’ मुळात प्रवासी बोट, निप्पॉन युसेन काइशा या कंपनीची. हीच ती कंपनी, जिने १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या साहाय्याने मुंबई ते कोबे हा आपला पहिला लांबचा सागरी मार्ग सुरू केला होता. मुंबईचा कापूस नेणाऱ्या व्यापारातून ती वाढली. युद्ध आले तेव्हा सरकारने अशा कंपन्यांच्या बोटी ताब्यात घेतल्या आणि त्यांतून सैन्य, दारूगोळा व दाणागोटा समुद्रापार नेला. जपानच्या विजयात अशा साध्या बोटींचा वाटा मोठा आहे.

दुपारी दोनच्या सुमारास तोगोच्या ‘मिकासा’ने रशियनांच्या तोफांच्या टप्प्यात येऊन डावीकडे उलट वळण घेतले. मागचे प्रत्येक जहाज त्याच जागी येऊन वळले. ते वळण पुरे होईतो जपानी जहाजे मारा झेलत होती आणि स्वतः नीट मारा करू शकत नव्हती. तोगोने रशियन तोफांचा नेम आणि स्वतःच्या खलाशांची शिस्त यांवर पैज लावली होती. वळण पुरे झाले तेव्हा जपानी रांग रशियन आरमाराच्या तोंडावर आडवी आली. जपानी तोफची वर्षभर लढून आणि सराव करून तयार झालेले. अंतर मोजायची नवी यंत्रे आणि जबर स्फोट करणारी शिमोसे दारू त्यांच्याजवळ होती. तासाभरात रशियाची ‘ओस्ल्याब्या’ बुडाली. तिच्यावर ॲडमिरल फेल्कर्झामचा झेंडा होता, पण तो ॲडमिरल काही दिवसांपूर्वीच वारला होता आणि आरमाराचा धीर सुटू नये म्हणून ती बातमी दडवली होती. संध्याकाळपर्यंत आणखी तीन नवीकोरी युद्धनौका गेल्या. त्यांपैकी ‘बोरोदिनो’वरचा केवळ एक खलाशी जिवंत सापडला. रात्रभर पाणतीर-नौकांनी उरलेल्यांचा पिच्छा पुरवला आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या जहाजांसह ॲडमिरल नेबोगातोवने शरणागती पत्करली. जखमी रोझेस्तवेन्स्की एका विनाशिकेवर कैद झाला. अडतीस जहाजांपैकी व्लादिवोस्तोकला पोहोचली तीन. चार हजारांहून अधिक रशियन मेले. जपानचे ११७ मेले, तीन पाणतीर-नौका गेल्या. रशियन पंचांगाप्रमाणे लढाईचा पहिला दिवस झारच्या राज्याभिषेकाचा वर्धापनदिन होता.

तरीही तहाची विनंती आधी केली ती जपानने. लढाई जिंकूनही त्याची तिजोरी रिकामी होत आली होती. युद्धाचा मोठा भाग परदेशी कर्जावर चालला होता. बँकर ताकाहाशी कोरेकियो यांनी लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये चार खेपांत ८ कोटी २० लाख पौंडांचे रोखे विकले. त्यांना न्यूयॉर्कचा यहुदी बँकर जेकब शिफ भेटला नसता तर हे जमते ना. रशियात किशिनेवला १९०३ मध्ये यहुद्यांची कत्तल झाली होती आणि झारशाहीला धडा मिळावा अशी शिफची इच्छा होती. त्सुशिमानंतर चारच दिवसांनी जपानने गुपचूप अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्यस्थीची गळ घातली. रशियातही संप, दंगे आणि पाठोपाठ ‘पोट्योम्किन’ या युद्धनौकेवरचे बंड यांनी झारला दुसरा मार्ग ठेवला नाही.

अमेरिकेतल्या पोर्ट्समथ इथे रशियाचा वित्ते आणि जपानचा कोमुरा समोरासमोर बसले. जपानला पोर्ट आर्थरचा भाडेपट्टा, दक्षिण मांचुरियाची रेल्वे, साखालिन बेटाचा दक्षिण अर्धा भाग आणि कोरियात मोकळे रान मिळाले. नुकसानभरपाई मात्र एक पैसा मिळाली नाही. ५ सप्टेंबर १९०५ रोजी सह्या झाल्या त्याच दिवशी टोकियोच्या हिबिया बागेत जमलेला जमाव पेटला. कर भरून आणि मुले देऊन हेच का मिळाले, असा त्यांचा सवाल होता. पोलीस चौक्या जाळल्या गेल्या, सतरा माणसे मेली, लष्करी कायदा पुकारावा लागला. रूझवेल्टना पुढच्या वर्षी शांततेचे नोबेल मिळाले.

हिंदुस्थानात या विजयाने जो उल्हास उसळला त्याची कल्पना आज करणे कठीण आहे. पुण्यात टिळकांच्या ‘केसरी’ने जपानच्या उदयातून स्वदेशीचा आणि स्वाभिमानाचा धडा काढला. शाळकरी वयाचे नेहरू त्सुशिमाची बातमी इंग्लंडमध्ये पाऊल ठेवताना वाचून हरखले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अशा काळात जपानला गेले, आणि तिथून अमेरिकेला जाऊन गदरच्या चळवळीत शिरले. हा उल्हास खोटा नव्हता. युरोपीय राष्ट्र अजिंक्य नाही, हे डोळ्यांनी दिसले होते. पण १९०५ च्या ऑगस्टमध्ये, तह होण्याआधीच, इंग्लंड-जपान करार नवा करण्यात आला आणि त्यात हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या संरक्षणाचा विषय घालण्यात आला. ज्या राष्ट्राच्या विजयावर आपले लोक पेढे वाटत होते, ते त्याच वेळी ब्रिटिश साम्राज्याचे पहारेकरी होण्याचे वचन देत होते.

आणि ज्यांच्या जमिनीवर हे सारे झाले ते लोक? युद्ध रशिया आणि जपान यांचे, पण रणांगण चीनचे. चीन तटस्थ होता. मांचुरियातल्या शेतकऱ्यांची माणूसभर वाढणारी काओल्यांग ज्वारी तुडवली गेली, गावे उठली, आणि हेरगिरीच्या संशयावरून दोन्ही सैन्यांनी चिनी माणसे मारली. जपानमध्ये सेंदाई इथे वैद्यकी शिकणारा एक चिनी विद्यार्थी वर्गात अशाच एका चिनी माणसाच्या शिरच्छेदाची काचेची स्लाइड पाहून हादरला आणि वैद्यकी सोडून लेखनाकडे वळला. तो लू शुन, आधुनिक चिनी साहित्याचा जनक. कोरियाचे तर स्वातंत्र्यच गेले. १७ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याला जपानचे संरक्षित राज्य करण्यात आले. १९०७ मध्ये कोरियन सम्राटाने हेगच्या परिषदेला गुपचूप दूत पाठवले, त्यांना दारातूनच परत पाठवण्यात आले. १९१० मध्ये देश जपानमध्ये विलीन झाला.

पोर्ट्समथचा तह पुरता उलटला तो चाळीस वर्षांनी. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा मांचुरियात उतरल्या, दक्षिण साखालिन रशियाने परत घेतले, आणि पोर्ट आर्थरमध्ये पुन्हा एकदा रशियन आरमाराचा तळ पडला. या वेळी तो दहा वर्षे राहिला. १९५५ मध्ये सोव्हिएत सैन्य निघून गेले, आणि १८९८ च्या भाडेपट्ट्यानंतर ५७ वर्षांनी ते बंदर, ल्युशुन या आपल्या चिनी नावाने, चीनच्या पूर्ण ताब्यात आले.